कर्करोगाचा उपचार आणि घराचा हिशेब

कर्करोग म्हटले की पहिला विचार मृत्यूचा येतो. दुसरा विचार पैशाचा येतो, पण तो कोणी मोठ्याने बोलून दाखवीत नाही. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेला माणूस बाकावर बसतो तेव्हा त्याच्या मनात 'मी जगेन का?' या प्रश्नाच्या शेजारीच 'घर विकावे लागेल का?' हा प्रश्न उभा असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे वैद्यकशास्त्राचे काम आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र रोग्याचे कुटुंब, समाज आणि शासन या तिघांनी मिळून द्यावयाचे असते. आपल्या संघाच्या सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी या दुसऱ्या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आपल्या देशात हा रोग आता विरळा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण आढळले. पुरुषांत तोंडाचा आणि फुफ्फुसाचा, स्त्रियांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक दिसतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या वस्तीत, प्रत्येक चाळीत, असे एखादे घर असणारच. आपण ते पाहिले नसेल तर त्या घराने ते सांगितले नसेल, इतकाच त्याचा अर्थ.

१. खर्च कोठे कोठे होतो?

कर्करोगाचा खर्च एका बिलात येत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, बिल भरले आणि माणूस घरी आला, असे येथे होत नाही. हा खर्च टप्प्याटप्प्याने येतो.

पहिला टप्पा निदानाचा. गाठीचा किंवा चट्ट्याचा तुकडा काढून तपासणे, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय. इत्यादी. रोग कोणत्या अवस्थेत आहे हे ठरेपर्यंत उपचार सुरू करता येत नाहीत. पुष्कळ घरांची शिल्लक येथेच संपते, कारण घाबरलेला माणूस एकच तपासणी दोन-तीन ठिकाणी करवून घेतो.

दुसरा टप्पा शस्त्रक्रियेचा. तिसरा किरणोपचाराचा, ज्याला लोक 'शेक देणे' म्हणतात. तो आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे बहुधा पाच ते सात आठवडे चालतो. चौथा केमोथेरपीचा. ही औषधे पुष्कळदा एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने, सहा किंवा त्याहून अधिक वेळा दिली जातात. प्रत्येक वेळेआधी रक्त तपासावे लागते. पेशी कमी झाल्या तर औषध पुढे ढकलले जाते आणि मुक्काम वाढतो. पाचवा टप्पा तपासणीसाठी पुन्हा पुन्हा येण्याचा. तो वर्षानुवर्षे चालतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, देशभरातील कुटुंबांना रुग्णालयातील खर्च विचारला गेला. त्यात असे दिसले की, कर्करोगासाठी एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे साडेबावीस हजार रुपये, तर खाजगी रुग्णालयात सुमारे ९३ हजार रुपये होता. विद्यार्थ्यांनी येथे 'एकदा भरती होण्याचा' हे शब्द नीट वाचावेत. हा संपूर्ण उपचाराचा खर्च नव्हे. कर्करोगाचा रुग्ण वर्षात अनेकदा भरती होतो. शिवाय ही आकडेवारी आता जुनी झाली आहे आणि किमती तेथेच थांबलेल्या नाहीत.

२. मोफत उपचाराचा न दिसणारा खर्च

'सरकारी योजनेत सर्व मोफत आहे, मग अडचण काय?' असे आपल्यातीलच सुस्थितीतील माणसे विचारतात. त्यासाठी एक हिशेब मांडून पाहू. हा हिशेब उदाहरणादाखल आहे. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

समजा, एका गावातील शेतमजूर स्त्रीला तीस वेळा किरणोपचार घ्यावयाचा आहे. आठवड्यातून पाच दिवस धरले तर सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस शहरात राहणे आले. सोबत नवरा आला. उपचाराचा एक पैसाही लागला नाही असे धरू. दोघांची रोजची मजुरी प्रत्येकी ४०० रुपये आणि आठवड्यात सहा दिवस काम, म्हणजे छत्तीस दिवसांची बुडालेली मजुरी २८ हजार ८०० रुपये. दोघांचे जेवण रोज २४० रुपये धरले तर १० हजार ८० रुपये. धर्मशाळेचे रोज १०० रुपये, म्हणजे ४ हजार २०० रुपये. चहा, बस, फोन, झेरॉक्स यांचे रोज ५० रुपये, म्हणजे २ हजार १०० रुपये. एकूण ४५ हजार १८० रुपये झाले. गावाहून येण्याजाण्याचे भाडे, घरी ठेवलेल्या मुलांचा खर्च आणि पेरणीच्या वेळी बाहेरून लावलेला मजूर यात धरलेला नाही.

मोफत उपचाराचा हा असा हिशेब आहे. त्यात सर्वांत मोठी रक्कम बुडालेल्या मजुरीची आहे आणि ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते. मासिक पगार असणाऱ्याला आजारपणाची रजा असते. रोजंदारीवर असणाऱ्याला रजा म्हणजे उपास. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर वळकटी टाकून राहणारी माणसे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. रुग्णालयाने उपचार नाकारले म्हणून ती तेथे राहत नाहीत. उपचार मिळाले, पण उपचार चालू असेपर्यंत राहावयाचे कोठे, हा प्रश्न सुटला नाही म्हणून ती तेथे राहतात.

अर्ध्यावर उपचार सोडण्याचे प्रमुख कारणही येथेच सापडते. दोन केमो झाल्या, थोडे बरे वाटू लागले, हातातले पैसे संपले आणि माणूस 'सुगी झाली की येतो' म्हणून गावी गेला. तो परत येतो तेव्हा रोग पुढे गेलेला असतो. आधी केलेला खर्चही त्यामुळे वाया जातो.

३. एका घराची गोष्ट

आपल्या संघातील एका सभासदाची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न देता, येथे देत आहोत. वय अठ्ठेचाळीस, कंत्राटी वेल्डर, लहानपणापासून तंबाखूची सवय. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला, पुढे तेथे जखम झाली. चार महिने मलम लावण्यात गेले. मग जवळच्या एका खाजगी रुग्णालयात तपासणी झाली, कर्करोगाचे निदान झाले आणि 'ताबडतोब ऑपरेशन करा, नाहीतर आमची जबाबदारी नाही' असे सांगण्यात आले. घाबरलेल्या घराने आठ दिवसांत दोन लाख चाळीस हजार रुपये उभे केले. पतपेढीचे कर्ज पन्नास हजार, वहिनींचे दागिने मोडून नव्वद हजार आणि ओळखीच्या एका इसमाकडून दरमहा पाच टक्के व्याजाने एक लाख.

ऑपरेशन झाले. त्यानंतर किरणोपचार घ्यावा लागेल असे कळले आणि तेव्हा हातात काहीच नव्हते. त्या दिवशी ते प्रथम संघाच्या कार्यालयात आले. आमच्यापैकी एकाने विचारले, "दादा, आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "मुलीचं लग्नाचं वय होतंय. लोक काय म्हणतील, म्हणून नाही सांगितलं. आणि सांगून तरी संघ काय देणार होता? पाच हजार?"

हा प्रश्न आम्हाला फार लागला, कारण तो खरा होता. आमच्या सहायता निधीतून आजारपणासाठी पाच हजार रुपये देण्याचा ठराव होता आणि ते दिले की कर्तव्य संपले असे आम्ही समजत होतो. त्या घरी केशरी शिधापत्रिका होती. शासनाच्या योजनेत असलेल्या रुग्णालयात ते आधी गेले असते तर ऑपरेशनसाठी कर्ज काढण्याची वेळ बहुधा आली नसती. पण हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्या रुग्णालयाने सांगितले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, कारण आम्हालाच ते नीट माहीत नव्हते. पुढे किरणोपचार योजनेतून मोफत झाला. त्यातही शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव यांत फरक निघाला म्हणून अकरा दिवस गेले. आधी भरलेले दोन लाख चाळीस हजार मात्र परत मिळाले नाहीत, कारण या योजना रोकडरहित आहेत. आधी भरलेल्या बिलाची भरपाई त्या करीत नाहीत.

एक लाखावर दरमहा पाच टक्के म्हणजे दरमहा पाच हजार रुपये. दहा महिन्यांत पन्नास हजार रुपये व्याज गेले आणि मुद्दल एक लाख तसेच राहिले. त्यांची मुलगी बारावीला विज्ञान शाखेत होती. तिने कॉलेज सोडले आणि एका दुकानात पॅकिंगचे काम धरले. आजारी बाप, पण शिक्षण सुटले मुलीचे, असा हा रोग घरात पसरतो.

४. औषधांच्या किमती कशा चढतात आणि कशा उतरतात?

कर्करोगाची काही औषधे महाग असण्याचे कारण त्यांचा कच्चा माल महाग असतो असे नेहमीच नसते. नव्या औषधावर कंपनीला पेटंट मिळते आणि ठराविक वर्षे दुसऱ्या कोणाला ते औषध बनविता येत नाही. स्पर्धा नसली की किंमत कंपनी ठरवील ती. आपल्या देशातील दोन प्रसंग विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावेत.

पहिला प्रसंग सोराफेनिब या औषधाचा. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावर ते वापरतात. बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅट्को कंपनीला ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. असा परवाना देशात प्रथमच दिला गेला. नॅट्कोने तेच औषध महिना सुमारे ८ हजार ८०० रुपयांना द्यावे असे ठरले.

दुसरा प्रसंग इमॅटिनिब या औषधाचा. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात ही गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. नोव्हार्टिस कंपनीची गोळी महिना सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडत असे, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी सुमारे ८ ते १० हजारांत मिळे. नोव्हार्टिसला पेटंट मिळाले असते तर स्वस्त गोळी बंद झाली असती. त्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. एक सेवाभावी संस्था, कोणत्याही मोठ्या भांडवलाशिवाय, केवळ चिकाटीने असा लढा देऊ शकते, हे संघाच्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्यांच्या अनेक ब्रँडच्या किमती उतरल्या. सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील वस्तू व सेवा कर कमी झाला आणि व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील हा कर काढून टाकण्यात आला. तरीही नवी औषधे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच आहेत. म्हणून औषध लिहून दिले की डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, 'याचे मूळ नावाचे स्वस्त औषध चालेल का? याने नेमका किती फायदा होईल?' हे विचारण्यात लाज नाही. जनऔषधी केंद्रे आणि २०१५ पासून सुरू झालेली अमृत औषधालये येथेही चौकशी करावी.

५. मदतीच्या वाटा

आता रुग्णाच्या घराला उपयोगी पडणारी माहिती क्रमाने देतो. हे पान कापून ठेवले तरी चालेल.

अ) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. राज्यात ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, २०१३ मध्ये सर्व राज्यात आली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. पूर्वी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही खुली झाली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली असून कुटुंबास दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांत येतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. प्रथम त्याला भेटावे. चौकशीचा दूरध्वनी १५५३८८. दोन गोष्टी विसरू नयेत. पैसे भरण्याआधी योजनेत जावे, आणि शिधापत्रिका व आधार यांवरील नाव निरोगी असतानाच जुळवून घ्यावे.

आ) सत्तर वर्षे व त्यावरील वृद्धांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत स्वतंत्र पाच लाखांचे संरक्षण मिळू लागले. त्यासाठी कार्ड काढावे लागते.

इ) धर्मादाय रुग्णालये. ज्या मोठ्या रुग्णालयांची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून आहे, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. ही दया नव्हे. तो कायदेशीर हक्क आहे.

ई) कामगार राज्य विमा. ज्यांच्या पगारातून हा विमा कापला जातो त्यांनी प्रथम तेथेच जावे. या विम्याचा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. आजारपण हे कामगाराचे एकट्याचे ओझे नाही, हा विचार त्यामागे आहे. कंत्राटदार विम्याचे पैसे कापतो पण भरत नाही असे आढळल्यास गप्प बसू नये.

उ) निधी. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांचा कर्करोग रुग्ण निधी. यांसाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, डॉक्टरांचे प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला लागतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तेथील कार्यकर्ते हे अर्ज भरून देतात आणि ट्रस्टांची नावेही सांगतात. १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि वर उल्लेखिलेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन याही गरजू रुग्णांना मदत करतात.

ऊ) प्रवास. रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात पूर्ण भाडेमाफी आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाने सही केलेला विहित नमुना तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. एस. टी. च्या भाड्यातही रुग्णाला सवलत आहे.

ए) मुक्काम. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज यांच्या नावाची धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून चालणारी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे या ठिकाणी रुग्णांच्या राहण्याची सोय होते. जागा लवकर भरते म्हणून रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन आधीच नाव नोंदवावे.

ऐ) जवळचे रुग्णालय. प्रत्येकाने मुंबईलाच धावले पाहिजे असे नाही. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय अशी केंद्रे आहेत. टाटा रुग्णालयात उपचाराचा आराखडा ठरवून केमो आपल्या भागात घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. वर मांडलेल्या हिशेबातील मजुरी व मुक्काम त्यामुळे वाचतो.

ओ) सावकार. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. अशा माणसाने जमीन किंवा घर बळकावले असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

६. लवकर निदान हीच मोठी बचत

खर्चाचा विचार करताना सर्वांत स्वस्त उपाय शेवटी आठवतो, ही आपली चूक आहे. तोंडातील लहान जखम वेळेवर दाखविली तर पुष्कळदा एका शस्त्रक्रियेवर भागते. तीच वर्षभर झाकून ठेवली तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो हे तिन्ही लागतात, आणि तरीही खात्री कमी होते. उशिराच्या निदानात पैसाही अधिक जातो आणि माणूसही.

तीन आठवड्यांत बरी न होणारी तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, स्तनातील गाठ, पाळी गेल्यानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये होणारा रक्तस्राव, आवाज बसून तसाच राहणे, गिळताना अडणे, कारण नसता वजन उतरणे. यातले काही दिसले तर दुखत नसले तरी दाखवावे. दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो.

आपल्याच राज्यात झालेली दोन कामे येथे सांगण्यासारखी आहेत. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखा द्राव, लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. या साध्या व स्वस्त तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तसेच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एच. पी. व्ही. तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन्ही ठिकाणच्या स्त्रिया आपल्या आयाबहिणींसारख्याच होत्या. या रोगावरील भारतीय बनावटीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली.

तंबाखूचाही हिशेब करावा. रोज तीस रुपयांची तंबाखू किंवा मावा खाणारा माणूस वर्षाला १० हजार ९५० रुपये खर्च करतो. पैसे देऊन रोग विकत घेणे आणि पुन्हा पैसे देऊन तो घालविण्याची धडपड करणे, हा उलटा व्यवहार आपल्या घरांतून बंद झाला पाहिजे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण बंदी दुकानावर असते. सवय घरात असते.

७. संघाने काय करावे?

वर सांगितलेल्या सभासदांच्या प्रसंगानंतर कार्यकारी मंडळाने बसून विचार केला. मागील वह्या काढून पाहिल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. आजारपणाची मदत बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यात दिली गेली होती आणि त्याहून अधिक रक्कम मृत्यूनंतरच्या वर्गणीतून जमली होती. आपण अंत्ययात्रेला वर्गणी काढतो, तपासणीला काढत नाही. हे बदलण्यासाठी पुढील गोष्टी ठरविल्या आहेत.

एक, संघाचे दोन कार्यकर्ते 'रुग्णसोबती' म्हणून काम करतील. निदान झाल्यापासून आठ दिवसांत ते घरी जातील, कागद तपासतील आणि योजनेतील रुग्णालयापर्यंत सोबत करतील. दोन, सहायता निधीची रक्कम शेवटी न देता सुरुवातीस प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी यांसाठी दिली जाईल, कारण योजना नेमक्या याच गोष्टी देत नाहीत. तीन, वर्षातून एकदा सर्व सभासदांच्या शिधापत्रिका व आधार यांवरील नावे तपासण्याचा दिवस ठेवला जाईल. चार, दरवर्षी तोंड, स्तन व गर्भाशयमुख तपासणीचे शिबिर होईल. पाच, रुग्णाच्या घरातील विद्यार्थ्याची त्या वर्षाची फी विद्यार्थी निधीतून भरली जाईल, म्हणजे आजाराचे पहिले ओझे मुलांच्या, विशेषतः मुलींच्या शिक्षणावर पडणार नाही.

यातील पाचवा ठराव ज्या मुलीमुळे झाला तिच्याबद्दल दोन शब्द. तिचा फॉर्म पुढील वर्षी संघाने भरला. दुकानातले काम सांभाळून तिने बारावीची परीक्षा दिली आणि आता ती परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिचे वडील हलके काम करतात आणि ठरल्या तारखेला तपासणीस जातात. व्याजाचे कर्ज पतपेढीच्या कर्जात बदलून घेतले आहे. ते अजून फिटलेले नाही. त्यांच्या वाया गेलेल्या अडीच लाखांची भरपाई आम्ही करू शकलो नाही. पुढच्या घराचे तेवढे पैसे वाचले, तरच त्या प्रसंगातून आम्ही काही शिकलो असे म्हणता येईल.

सभासद बंधू-भगिनींनो, हा रोग लपविण्याने फक्त सावकाराचा फायदा होतो. तो स्पर्शाने पसरत नाही आणि त्यात कोणाचा कमीपणाही नाही. घरात असे काही कळले तर पहिल्याच दिवशी संघाला सांगा. पैसे भरण्याआधी सांगा.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न व काम

१) 'मोफत उपचारातही खर्च होतो' हे विधान आपल्या गावचे मजुरीचे व भाड्याचे दर घेऊन हिशेबाने सिद्ध करा.
२) सोराफेनिबच्या जुन्या व नव्या मासिक किमतीत किती पट फरक पडला? असा फरक कशामुळे शक्य झाला?
३) आपल्या घराच्या शिधापत्रिकेवरील प्रत्येक नाव आधार कार्डाशी ताडून पाहा आणि फरक असल्यास या महिन्यात दुरुस्तीचा अर्ज करा.
४) आपल्या जिल्ह्यातील योजनेत असलेल्या आणि कर्करोगावर उपचार करणाऱ्या रुग्णालयांची यादी तयार करून संघाच्या फलकावर लावा.
५) दरमहा पाच टक्के व्याजाने घेतलेल्या एक लाखावर दोन वर्षांत केवळ व्याजापोटी किती रुपये जातात? उत्तर काढा आणि ते घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.